दाराला बाहेरून कडी

हे पत्र इंदूरहून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या ताई छत्तिशीच्या. पती पीथमपूरला कारखान्यात पाळीने कामाला जातात, मुलगी सातवीत आहे. राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या मराठी वस्तीत, दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर ते सहा वर्षं भाड्याने राहताहेत. खाली घरमालक, त्यांची पत्नी आणि घरमालकांची एकोणऐंशी वर्षांची आई. ताई त्यांना आजी म्हणतात.

दिवाळीपर्यंत आजी रोज सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओल्या-सुक्याचे डबे घेऊन ओट्यावर यायच्या आणि मग तिथेच पेपर वाचत बसायच्या. दिवाळीनंतर त्या दिसेनाशा झाल्या. मुलगा-सून दोघंही नोकरीला जातात. नऊ ते सहा दाराला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप. "सासूबाई विसरतात, गॅस चालू ठेवतात, एकदा रस्त्यावर निघून गेल्या होत्या," असं सून सांगते. महिन्यापूर्वी ताईंची मुलगी वाटी परत करायला खाली गेली, तेव्हा आजींनी खिडकीतून तिच्याकडे पाणी मागितलं. त्यानंतर एका दुपारी ताईंना आजींच्या दंडावर निळे डाग दिसले. "पडले गं," आजी म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस, तुमचं घर जाईल." रात्री मुलाचा चढलेला आवाज वर ऐकू येतो, दोनदा काहीतरी आपटल्याचाही आला. आजींचे यजमान शिक्षक होते. त्यांच्या फॅमिली पेन्शनचं पासबुक मुलाकडे असतं आणि दोन वर्षांपूर्वी घरही दानपत्राने मुलाच्या नावावर झालं. एक मुलगी उज्जैनला आहे. ताईंचे पती म्हणतात, आपण भाडेकरू, आपल्याला नक्की काय माहीत आहे? ताई विचारतात: खात्री नसताना तक्रार करणं पाप नाही का? आणि आजींनी स्वतः नको म्हटल्यावर मी कोण?

*

ताई,

आजींच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. "कुणाला बोलू नकोस, तुमचं घर जाईल." यावरून तुम्ही धरून चाललात की आजींना मदत नको आहे, आणि तिथेच अडलात. मला ते वाक्य वेगळं ऐकू आलं. त्यात आजी स्वतःबद्दल काहीच बोललेल्या नाहीत. दंडावर डाग आहेत, दाराला कुलूप आहे आणि त्या अवस्थेत ती बाई तुमच्या डोक्यावरच्या छपराची काळजी करते आहे. "आजी, तुम्हाला स्वतःला काय हवं आहे?" हे त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. ते विचारणं हे तुमचं पहिलं काम. तक्रार करायची की नाही, कुठे, कशी, हे सगळं त्याच्यानंतर येतं.

आता खात्रीचं. पत्रभर तुम्ही 'खात्री नाही, खात्री नाही' म्हणत राहिला आहात, जणू खात्री करून घेणं तुमच्याच अंगावर आहे. ते तसं नाही. महिलांना कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २००६च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. आपण त्याला नवरा-बायकोचा कायदा समजतो. पण एका छताखाली नात्याने राहणाऱ्या कोणत्याही स्त्रीला त्याचा आधार घेता येतो, आणि त्यात मुलाकडे राहणारी आईसुद्धा आली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले. त्यामुळे त्रास देणारी व्यक्ती घरातली दुसरी स्त्री असली, तरी आता तिच्याविरुद्ध दाद मागता येते. या कायद्याचं चौथं कलम तुमच्यासारख्या शेजारणीसाठीच आहे. हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होईल असं मानायला ज्याच्याकडे कारण आहे, असा कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवू शकतो. तो नात्यातला असण्याची गरज नाही. आणि सद्भावनेने दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली, तरी कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही.

कायदा 'मानायला कारण' मागतो, पुरावा मागत नाही. तुमच्याकडे कारण आहे. नऊ तास बंद दार आहे, खिडकीतून मागितलेलं पाणी आहे, डाग आहेत, आवाज आहेत. त्यांचा अर्थ लावणं ज्यांचं काम आहे, त्यांच्यापर्यंत हे पोहोचवायचं, एवढाच तुमचा वाटा. कळवणं म्हणजे निकाल देणं असं मनात धरलं की हात उचलत नाही. कोणालाही दोषी न ठरवता 'इथे कुणीतरी येऊन बघा' एवढं म्हणता येतं.

डागांबद्दल थोडं सावकाश सांगते, कारण इथे घाईही नको आणि डोळेझाकही नको. वयाबरोबर कातडी कागदासारखी पातळ होते. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दाराची चौकट लागली तरी हाताला निळं-जांभळं होतं. कोपराखालचा हात, मनगटाची मागची बाजू, नडगी इथले डाग बहुतेक वेळा असेच आलेले असतात. पण चेहरा, मान, कान, पाठ, दंडाची आतली बाजू इथे आपोआप लागत नाही. दंडावर ओळीने बोटांसारख्या खुणा असतील किंवा दोन्ही दंडांवर सारखेच डाग असतील, तर कुणीतरी घट्ट धरलं असण्याची शक्यता मोठी. रंगावरून डाग किती दिवसांचा ते डॉक्टरलाही नेमकं सांगता येत नाही, त्या हिशेबात तुम्ही पडू नका. डागांपेक्षाही मी इतर गोष्टी बघेन. आजी बारीक होत चालल्या आहेत का? ओठ सुकलेले असतात का? दुपारी बोलताना जीभ जड वाटते का, म्हणजे झोपेच्या गोळ्या जास्त दिल्या जात असतील का? आणि मुलगा-सून खोलीत आले की आजी बोलता बोलता गप्प होतात का?

सुनेची बाजू मी बाजूला टाकत नाही आणि तुम्हीही टाकू नका. ती म्हणते ते खरं असू शकतं. विस्मृतीचा आजार असलेलं माणूस गॅस चालू ठेवतं, चप्पल न घालता रस्त्यावर जातं, रात्री चार वेळा उठून 'मला घरी जायचंय' म्हणतं. दिवसभर नोकरी आणि रात्री हे, अशी दोन-तीन वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. चांगली माणसं त्यात तुटतात, ओरडतात आणि कधी हातही उचलतात. तरीही, दुखणं खरं असलं म्हणून कुलूप बरोबर ठरत नाही. विसरणाऱ्या माणसाला नऊ तास एकटं कोंडून ठेवणं हे तर अधिकच धोक्याचं आहे. आग लागली तर? पडल्या तर? तोंडाने सांगताही येणार नाही. इंदूरचा उन्हाळा तोंडावर आहे, वैशाखात वीज गेली आणि हाताशी पाणी नसलं, तर बंद खोलीतल्या त्या वयाच्या माणसाला दुपार काढणं जड जातं.

म्हणून 'तो राक्षस आहे की बिचारा' हा प्रश्न तुम्ही सोडून द्या. तो कसाही असो, आजींची गरज एकच आहे: दिवसा कुणीतरी सोबत, पाणी, डॉक्टर आणि मोकळं दार. मुलगा दमलेला असेल, तर बाहेरून आलेली माणसं त्यालाही वाट दाखवू शकतील. तो क्रूर असेल, तर कुणाचं तरी लक्ष आहे हे त्याला कळेल.

तुम्ही लिहिलंय, "ते इतके सुसंस्कृत आहेत, गणेशोत्सवात पुढे असतात, नाटकाच्या प्रयोगाला सगळ्यांना जागा धरून ठेवतात." आपल्याकडे इंदुरात मराठी समाज लहान आहे आणि एकमेकांत गुंतलेला आहे. मंडळात, हळदीकुंकवाला, लग्नात पुन्हा तीच माणसं भेटतात. त्यामुळे अशी गोष्ट उच्चारली की आपणच कुणाची तरी लक्तरं वेशीवर टांगली असं वाटतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे. आरतीला पुढे उभा राहणारा माणूस घरी कसा वागतो, हे आरतीवरून कळत नाही. ते माहीत आहे फक्त आजींना, त्याच्या बायकोला आणि काही अंशी वरच्या मजल्यावर रात्री जाग्या राहणाऱ्या तुम्हाला.

आता तुमच्या यजमानांची भीती. ती मला पळपुटेपणाची वाटत नाही. मध्य प्रदेशात भाडेकरूंसाठी १९६१चा स्थान नियंत्रण अधिनियम आहे. मालकाच्या मनात आलं म्हणून सामान रस्त्यावर टाकता येत नाही, कायद्यात दिलेलं कारण दाखवून न्यायालयातून यावं लागतं. भाडं मात्र दर महिन्याला वेळेवर आणि बँकेतून द्या, पावत्या जपून ठेवा, म्हणजे थकबाकीचं कारण हातात राहणार नाही. पण कायदा हातात असला तरी रोज जिन्यात त्याच माणसासमोरून जायचं आहे, हे मी विसरत नाही. नाव गुप्त ठेवायला तुम्ही सांगू शकता आणि सांगाच. तरी घरात भाडेकरू एकच असल्यामुळे कुणी कळवलं हे त्यांना ओळखता येईल. गुप्ततेवर भिस्त ठेवून उतरू नका. पाऊल उचलण्याआधी दोघं बसून ठरवा: उद्या मालक बोलायचे थांबले तर काय, परवा 'खोली खाली करा' म्हणाले तर काय. वस्तीत दुसरीकडे खोलीची चौकशी आत्तापासून हळूच करून ठेवा. वाटलं तर बदलायची, नाहीतर नाही. पर्याय हाताशी असला की माणूस ताठ उभा राहतो. तुमचे यजमान आज 'नको' म्हणताहेत ते 'मग आपलं काय?' याचं उत्तर त्यांच्याकडे नाही म्हणून. ते उत्तर तयार झालं की कदाचित तेच तुमच्याबरोबर येतील.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी. पंधराएक वर्षांपूर्वी मी राहत होते त्या गल्लीत समोरच्या घरात अशाच एक बाई होत्या. एका रात्री आवाज असह्य झाला आणि मी पोलिसांना फोन केला. दोघं जण आले. दारातच, मुलाच्या देखत, त्यांनी त्या बाईंना विचारलं, "माँजी, कोई तकलीफ?" त्या "नाही" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या? मुलाने चहा विचारला, पोलीस गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीकडच्या खिडकीला आतून प्लायवूड ठोकलं होतं. त्या खिडकीतून त्या आमच्याकडे बघून हात हलवायच्या. तेही गेलं. पुढे सहा महिन्यांनी त्यांची भाची त्यांना घेऊन गेली, त्यात माझा काही हात नव्हता. मी फोन केला हे चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी त्यांना आधी विचारलं नव्हतं, त्यांना एकटं घेऊन बोला असं पोलिसांना सांगितलं नव्हतं आणि पोलीस गेल्यानंतरच्या सकाळचा मी काही विचारच केला नव्हता, हे चुकलं. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून एवढं लांबवते आहे.

त्याच कारणासाठी सांगते, मुलाला गाठून जाब विचारू नका. "आजींच्या दंडावर डाग कसले?" हा प्रश्न तुम्ही त्याला जिन्यात विचाराल आणि त्याचं उत्तर रात्री आजींना द्यावं लागेल. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आडूनही काही टाकू नका. आजींचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. उज्जैनच्या मुलीला परस्पर फोन करण्याचा मोहही आवरा. ती मायेने धावून येईल किंवा तिथल्या तिथे भावालाच फोन लावून "वरच्या बाई असं म्हणताहेत, खरं का?" असं विचारील. बहिणी असं विचारतात आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नसतो. तिच्यावर भरवसा ठेवायचा का, हे आजींनाच ठाऊक.

आजींशी बोलताना सगळं एका बैठकीत उकरायचं नाही. "मुलगा मारतो का हो?" असं तर मुळीच नाही. पंच्याहत्तरी उलटलेली कोणतीही आई याला "छे गं" म्हणेल. पोटच्या पोराविरुद्ध बोलायची लाज वाटते, आपण वाढवलं त्यातच काही चुकलं असं वाटतं, आणि 'आता शेवटी कुठे जाऊ' ही धास्ती असते. त्यामुळे रोजच्या गोष्टींतून जा. जेवण कधी होतं, दुपारी पाणी कुठे ठेवलेलं असतं, औषध कोण देतं, रात्री झोप लागते का, पेन्शन आली का, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत कोण घेऊन गेलं होतं. उत्तरं येऊ द्या आणि मध्ये सल्ला देऊ नका. मग एकच वाक्य, तुमच्या शब्दांत: "आजी, आमच्या घराची काळजी तुम्ही करू नका, ते आम्ही बघून घेऊ. तुम्हाला काय झालं तर बरं वाटेल?" त्यांचं ओझं उतरवल्याशिवाय त्यांचं खरं उत्तर यायचं नाही.

त्या कदाचित म्हणतील, "दार उघडं असू दे, बाकी काही नको." किंवा "मला थोडे दिवस उज्जैनला जायचंय." किंवा "माझं पासबुक मला हवं." जे म्हणतील त्याच्यापासून सुरुवात करा, तुमच्या मनात त्याहून मोठं काही असलं तरी. आणि सगळं नीट समजत असून त्या "नको" म्हणाल्या तर? इथे मला सावध राहावंसं वाटतं. आजी मोठ्या, जाणत्या बाई आहेत. वय झालं म्हणून त्यांचा निर्णय आपल्या ताब्यात येत नाही. एकटं पाडलेल्या माणसाचं सगळं आधी दुसरेच ठरवतात, त्यात आपली भर नको. तेव्हा जीव धोक्यात नसेल तर त्यांच्या 'नको'ला मान द्या आणि जात राहा. ताक द्यायला, पेपर द्यायला, उगीच. आज नको म्हटलेलं माणूस महिन्याने हो म्हणतं, पण तोवर कुणी येत राहिलेलं असावं लागतं. त्यांच्या उशाला एक नंबर लिहून ठेवता येतो का बघा, किंवा एखादी खूण ठरवा: खिडकीच्या गजाला फडकं बांधलेलं दिसलं की तुम्ही खाली यायचं.

त्यांना काल काय झालं ते आठवत नसेल, तुम्हाला त्या ओळखत नसतील, प्रश्न कळत नसेल, तर मात्र 'नको' या शब्दाचं वजन तेवढं राहत नाही. मग त्यांच्या होकारासाठी थांबू नका, कळवा.

आणि काही वेळा विचारण्यातही वेळ घालवायचा नसतो. आजी हाक मारूनही उत्तर देत नाहीत, खालून किंकाळी आली, रक्त दिसलं, त्या पडल्या आहेत आणि दाराला कुलूप आहे, भर उन्हात पाण्यावाचून आहेत, असं काही असेल तर सरळ ११२ या तातडीच्या नंबरवर फोन करा. तिथे कुणाचीही परवानगी लागत नाही. फोनवर सांगा की वृद्ध बाई आत कोंडलेल्या आहेत, आणि पोलीस आल्यावर आजींशी मुलाच्या गैरहजेरीत बोलावं, शक्यतो महिला पोलिसाने. हे वाक्य आधी लिहून ठेवा. घाईच्या वेळी सुचत नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

एवढी घाईची वेळ नसेल तर मी तुमच्या जागी आधी १४५६७ लावेन. ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी आठ ते रात्री आठ चालू, पैसे लागत नाहीत. शेजाऱ्यालाही तिथे बोलता येतं. नुसतं "मी काय करू?" एवढं विचारण्यासाठीही फोन करता येतो, आणि छळाच्या प्रकरणांत त्यांची माणसं प्रत्यक्ष येऊनही बघतात. दुसरी वाट म्हणजे महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी किंवा वन स्टॉप सेंटर, ज्याला 'सखी' म्हणतात. तिथे समुपदेशन, वैद्यकीय मदत, पोलीस आणि कायद्याचा सल्ला हे एका ठिकाणी मिळावं अशी योजना आहे. मध्य प्रदेशात १८१ लावलं की सीएम हेल्पलाइन लागते, तिथेही तक्रार नोंदवता येते. कुणी ऐकूनच घेत नाही असं झालं, तर मंगळवारची कलेक्टर ऑफिसची जनसुनवाई आहे, तिथे लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात. अर्ज हिंदीत लिहा, एक पान पुरे, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.

आजींच्या हक्कांबद्दल दोन गोष्टी त्यांच्याही कानावर घाला, कारण 'घर आता त्याचं आहे' या एका समजुतीने कितीतरी आया गप्प बसतात. घर कुणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती स्त्री कुटुंबाची म्हणून राहते तिथे राहण्याचा तिला २००५च्या कायद्याने हक्क आहे. पेन्शन काढून घेऊन हातात पैसा न ठेवणं ही त्याच कायद्यात आर्थिक हिंसा आहे. आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७चा जो कायदा आहे, त्याच्या तेविसाव्या कलमाप्रमाणे सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ केला नाही तर परत मिळवता येते. २०२५च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्याच एका आईने मुलाला करून दिलेलं दानपत्र रद्द ठरवलं. मुलाने 'सांभाळ करीन' असं लिहून दिलं होतं, ते तिथे उपयोगी पडलं. आजींनी सही केली त्या कागदांत असं काही आहे का, ते बघावं लागेल. अशी प्रकरणं एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, अध्यक्षतेखालच्या अधिकरणापुढे चालतात. आजींना जाणं जमत नसेल, तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. स्त्रीला, तिचं उत्पन्न काहीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या नंबरवरही विचारता येतं. तुम्ही वकील व्हायचं नाहीये, वकिलाचं दार कुठे आहे एवढं दाखवायचं आहे.

एक वही करा. तारीख, वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं, आजी काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत. "मुलाने मारलं" असं लिहू नका. "रात्री सव्वादहा, मुलाचा आवाज, काहीतरी पडल्याचा आवाज, नंतर आजींचं रडणं" असं लिहा. दुधाच्या हिशेबासारखं कॅलेंडरवर लिहाल तर वर चहाला आलेल्या कुणाच्याही नजरेस पडेल, म्हणून वही आणि तीही कपाटात. दोन आठवड्यांनी ती वही वाचलीत की 'मला उगीच वाटतंय का' याचं उत्तर बरंचसं तुम्हालाच मिळेल.

मुलीबद्दल. तिने पाणी दिलं ते तिने बरोबर केलं, हे तिला शब्दांत सांगा. यापुढे मात्र तिला निरोप द्यायला किंवा बघून यायला खाली पाठवू नका. मोठ्यांच्या भांडणात ती साक्षीदार व्हायला नको. "तू मला सांगितलंस, आता पुढचं मी बघते," हे ऐकलं की तिलाही हायसं वाटेल.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक फरक सांगायला हवा. आजींच्या बाबतीत मी विचारा, थांबा, त्यांचं ऐका असं म्हणते आहे, कारण त्या प्रौढ आहेत. लहान मुलाच्या बाबतीत असं थांबायचं नसतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शंका असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, मग तुम्ही शेजारी असा, शिक्षक असा की आत्या. घरच्यांनी मिटवलं हे कारण तिथे चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा.

ताई, तुम्ही लिहिलंय की गुरुवारी सून अर्ध्या दिवसाने लवकर येते, ती दार उघडून दत्ताच्या देवळात जाते आणि तासभर आजी एकट्या पण मोकळ्या असतात. या गुरुवारी खाली जा. ताकाचा तांब्या न्या आणि त्या दिवशीचा पेपर. चष्मा सापडतोय का ते आधी बघा, दिवाळीपासून त्यांनी पेपर वाचलेला नसेल. ओट्यावर याल का विचारा. आल्या तर शेजारी बसा. नाही आल्या तर आत बसा, दार उघडं ठेवून. त्या दिवशी फक्त पाण्याचं आणि जेवणाचं विचारा, बाकीचं पुढच्या गुरुवारी. आणि वर आल्यावर वही काढून तारीख घाला.